हवा पिऊन घट्ट होणारा रंग

जलरंगाचा पट्टा कागदावर ओढला की थोड्या वेळात त्यातले पाणी उडून जाते आणि मागे रंग उरतो. पोस्टर कलरचेही तसेच. तेलरंगातले तेल मात्र कुठेच जात नाही. ते कॅनव्हासवर राहते, हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि दिवसांमागून दिवस, महिन्यांमागून महिने सावकाश घट्ट होत जाते. तैलचित्र ‘वाळले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यातल्या तेलाचे वजन आधीपेक्षा वाढलेले असते.

तेलरंग शिकायला लागणाऱ्याला पहिल्याच दिवशी बरेच नियम ऐकवले जातात. खालचे थर पातळ ठेवा, वरचे तेलकट. वॉर्निशची घाई करू नका. तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात साठवू नका. चित्र अंधाऱ्या खोलीत ठेवू नका. सुटे सुटे पाठ केले की हे नियम महिन्याभरात विसरतात, कारण त्यांना धरून ठेवणारा धागा हाती आलेला नसतो. तो धागा तेलाच्या या वागणुकीत आहे. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी आपण तेलाकडे नीट बघणार आहोत.

कोणते तेल घट्ट होते?

स्वयंपाकघरातल्या शेंगदाणा तेलात गेरू कालवून भिंतीवर फासला, तर महिन्याने बोट लावले तरी बोटाला रंग लागेल. खोबरेल तेलाची तर आशाच नको. जवसाच्या तेलात तोच गेरू कालवला तर काही दिवसांत त्यावर कडक पापुद्रा धरतो.

हा फरक तेलाच्या रेणूत आहे. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. काही मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि त्या बंधांच्या आसपास प्राणवायूला शिरकाव करता येतो. तो शिरला की शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊ लागतात. असे असंख्य सांधे जुळले की तेलाचे एक सलग जाळे बनते आणि रंगद्रव्याचे कण त्यात कायमचे अडकतात. जितके दुहेरी बंध जास्त, तितके जाळे दाट. हे मोजायला रसायनशास्त्रज्ञ ‘आयोडीन मूल्य’ नावाचा आकडा वापरतात. खोबरेल तेलाचा आकडा १० च्या आसपास असतो, शेंगदाण्याचा ८५ ते १००, करडईचा १४० च्या पुढे, आणि जवसाचा १७० ते २००. आकडा साधारण १३० च्या वर गेला तरच ते तेल चित्रकाराच्या कामाचे.

विदर्भात ज्या जवसाची चटणी भाकरीबरोबर खातात, त्याच बियांचे तेल जगभरच्या तैलचित्रांच्या मुळाशी आहे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पिकणारी करडईही चित्रकलेला परकी नाही. जवसाचे तेल काळानुसार पिवळसर होते. करडईचे तेल कमी पिवळे पडते. म्हणून अनेक कंपन्या पांढरा रंग करडईच्या तेलात घोटतात. घरात करडईचे तेल असेल तर बरणीच्या बाहेरच्या बाजूला ओघळून राहिलेला थेंब पाहा. काही आठवड्यांनी तो चिकट होतो आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. बरणीच्या आतले तेल मात्र जसेच्या तसे, कारण त्याला पुरेशी हवा मिळालेली नसते. तैलचित्रात जे घडते ते हेच.

युरोपात जवसाबरोबर अक्रोडाचे आणि खसखशीचे तेलही वापरात होते. तेलरंगाचा शोध पंधराव्या शतकातल्या यान व्हॅन आइक या फ्लेमिश चित्रकाराने लावला, ही गोष्ट इटालियन चरित्रकार व्हासारी याने पसरवली आणि ती अजूनही सांगितली जाते. ती खरी नाही. बाराव्या शतकात थिओफिलस या साधूने लिहिलेल्या ग्रंथात जवसाच्या तेलात रंग घोटण्याची कृती आहे. त्याहून जुना पुरावा आपल्या बाजूला सापडला. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बौद्ध लेण्यांतील सातव्या शतकातल्या काही भित्तिचित्रांमध्ये अक्रोड किंवा खसखस यांसारख्या घट्ट होणाऱ्या तेलाचे अंश असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. व्हॅन आइकचे मोठेपण शोधात नसून त्याने या माध्यमाकडून जे काढून घेतले त्यात आहे. पारदर्शक थरावर पारदर्शक थर देऊन त्याने दागिन्यातल्या खड्यालाही आतून उजेड दिला.

तेलात रंग खोल का दिसतो?

खडूची पूड पाण्यात कालवून भिंतीला दिली तर वाळल्यावर ती पांढरी शुभ्र दिसते. तीच पूड जवसाच्या तेलात मळली तर करडा, मातकट गोळा होतो. सुतार आणि रंगारी खिडकीच्या काचा बसवायला जी लांबी वापरत आले, ती मुळात हीच. पूड तीच असताना पांढरेपणा कुठे गेला?

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना किती वळतो, यावर ते ठरते. हवा आणि खडू यांच्या अपवर्तनांकात मोठे अंतर आहे, म्हणून प्रकाश कणाकणावर आपटून परत फिरतो आणि आपल्याला पांढरे दिसते. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४८ आहे, खडूच्या अगदी जवळचा. त्यामुळे प्रकाश न अडखळता आत शिरतो. निळ्या किंवा लाल रंगाच्या बाबतीत हाच गुण वरदान ठरतो. प्रकाश थरात खोल जातो, रंगून बाहेर येतो, आणि डोळ्याला तो रंग दाट, ओला, भरलेला दिसतो.

वय वाढते तसा तेलाचा अपवर्तनांक आणखी वाढतो आणि जुने थर हळूहळू पारदर्शक होतात. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात बेलास्केसने रंगवलेले राजा चौथा फिलिप याचे घोड्यावरचे चित्र आहे. चित्रकाराने घोड्याच्या पायांची जागा बदलली होती आणि जुने पाय रंगाखाली झाकले होते. आज ते झाकलेले पाय पुसटसे वर आले आहेत. खालची चूक वरून नुसती लपवण्याऐवजी ती खरवडून काढा, असे जाणकार चित्रकार सांगतात त्याचे कारण हे.

पाच-सहा नळ्या पुरतात

पूर्वी चित्रकाराच्या घरी रंग घोटणे हे वेगळे कामच असे. रंगद्रव्य आणि तेल दगडावर घोटायचे, आणि उरलेला रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवायचा. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या, दाबून रंग काढता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. रंग खिशात घालून शेतावर, नदीकाठी जाणे सोपे झाले. उघड्यावर बसून चित्र पुरे करणारे फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी त्यानंतर तीस वर्षांनी गाजले, त्यात या नळीचा वाटा मोठा आहे.

दुकानात चोवीस नळ्यांचा डबा मांडलेला असतो. तो घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तयार हिरवा, तयार जांभळा, तयार त्वचेचा रंग हाताशी असला की मिश्रण करायला डोळा शिकत नाही. सुरुवातीला टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, एक तेजस्वी पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर एवढे पुरे. पांढरी नळी मोठी घ्या, ती सर्वांत आधी संपते. काळा नकोच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळले की जवळजवळ काळा रंग होतो, आणि निळा किंवा तपकिरी वाढवून तो थंड किंवा उबदार करता येतो. नळीतल्या काळ्याने ते जमत नाही. पिवळा गडद करायला त्यात काळा घातला तर तो हिरवट होतो, हे एकदा स्वतः करून पाहा.

नळीवरची बारीक अक्षरे वाचायची सवय लावा. नावापुढे ‘ह्यू’ लिहिले असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी त्याच्यासारखे दिसणारे दुसरे काही आत आहे. प्रकाशात रंग किती टिकतो याची खूणही नळीवर असते. व्हॅन गॉगने आपल्या झोपायच्या खोलीच्या भिंती जांभळ्या रंगवल्या होत्या. त्यातला लाल उजेडाने उडून गेला आणि आज त्या भिंती निळ्या दिसतात.

प्रत्येक रंगाचा घट्ट होण्याचा वेग वेगळा असतो. अंबरमध्ये मँगॅनीज असते आणि ते तेलाला प्राणवायू घ्यायला मदत करते, म्हणून अंबरचा पातळ थर एक-दोन दिवसांत कोरडा लागतो. कोबाल्टचे रंगही झटपट. करडईच्या तेलातला पांढरा, कॅडमियमचे पिवळे-लाल आणि हाडांपासून केलेला काळा यांना आठवडा किंवा जास्तही लागतो. खालच्या थराला अंबर का वापरतात, ते यावरून कळेल.

ब्रश डुकराच्या राठ केसांचे घ्या, दोन-तीन चपटे आणि एक गोल. आकार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा असू द्या. लहान ब्रश हातात आला की माणूस लगेच पापण्या रंगवायला बसतो. त्याबरोबर एक पॅलेट नाइफ लागेल. रंग मिसळायचे काम ब्रशने करू नका, नाइफने करा. ब्रशच्या मुळाशी गेलेला रंग पुढच्या प्रत्येक मिश्रणात उतरतो.

कॅनव्हासला अस्तर कशासाठी?

तेल घट्ट होताना त्यातून आम्ले तयार होतात आणि सुती किंवा तागाच्या धाग्याला ती हळूहळू खातात. कोऱ्या कापडावर थेट तेलरंग लावला तर काही वर्षांत कापड ठिसूळ होते. शिवाय धागे तेल शोषून घेतात आणि वर उरलेला रंग भुकटीसारखा सुटतो. म्हणून जुने लोक कापडाला आधी सरस देत आणि त्यावर पांढरे अस्तर चढवत. आज बाजारात ॲक्रिलिक जेसोचे दोन-तीन हात दिलेला तयार कॅनव्हास मिळतो. सरावासाठी कॅनव्हास बोर्ड किंवा जेसो दिलेला जाड हातकागदही चालतो.

ॲक्रिलिकच्या अस्तरावर तेलरंग बसतो. उलटे करू नका. तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, आज ना उद्या त्याचे पापुद्रे निघतात.

कोकणात आणि मुंबईत आणखी एक काळजी. पावसाळ्यात सरसाला आणि सुती कापडाला ओल लागते, कॅनव्हास सैल पडतो, मागून बुरशी धरते. चौकटीच्या कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी हलकेच ठोकून कॅनव्हास पुन्हा ताणता येतो. चित्र बाहेरच्या ओल्या भिंतीला चिकटवून टांगू नका, मागून हवा खेळती ठेवा. दमट हवेत रंगही जास्त दिवस ओला राहतो. पावसाळ्यात दोन थरांमध्ये थोडे जास्त दिवस जाऊ द्या.

एक तांब्या, दोन कांदे

पितळी तांब्या, दोन कांदे आणि खाली पांढरे कापड, एवढे मांडून बसा. उजेड एकाच बाजूने येऊ द्या. चित्रशाळेला उत्तरेची खिडकी हवी असे पुस्तकांत लिहिलेले असते, कारण तिथून थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो. ते लिहिणारे युरोपातले. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. तेवढे दिवस त्या खिडकीला पातळ पडदा लावावा लागेल.

कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलाही रंग गडदच भासतो आणि अंदाज चुकतो. म्हणून अंबरमध्ये भरपूर टर्पेंटाइन, म्हणजे तेलरंग पातळ करणारे द्रावण, घालून सगळ्या पृष्ठभागावर चिंधीने पातळ पुसट हात फिरवा. आता तुम्ही मधल्या छटेवर उभे आहात. तिथून वर उजेडाकडे जायचे आणि खाली सावलीकडे.

कोळशाने किंवा पातळ अंबरने आकार नुसते नेमून घ्या. तांब्याची रुंदी उंचीच्या किती पट आहे, कांद्याचा माथा तांब्याच्या पोटाच्या कोणत्या रेषेत येतो, ते ब्रशच्या दांड्याने मोजा. आता डोळे बारीक करा. बारीकसारीक तपशील नाहीसे होतील आणि उरतील फक्त गडद आणि उजळ डाग. सर्वांत गडद डाग आधी टर्पेंटाइन घातलेल्या अंबरने भरा. जिथे उजेड हवा तिथे चिंधीने पुसून काढा. तेलरंग पुसता येतो, आणि नवशिक्यांना भीती याच गोष्टीची वाटते. पुसणे म्हणजे हार नव्हे. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि उतरवत आपली चित्रे घडवत. त्यांच्या कॅनव्हासमधला धूसर उजेड त्या उतरवण्यातूनही आला आहे.

हा पहिला थर एकाच रंगाचा. चित्राचा सांगाडा इथे ठरतो. अभ्यासवर्गांत पाहिलेली बहुतेक फसलेली चित्रे रंगामुळे फसत नाहीत. उजळ-गडदाचा हिशेब चुकलेला असतो. या थरावर एक पूर्ण बैठक घालवायला कचरू नका.

एक-दोन दिवसांनी हात लावून कोरडे वाटले की रंग घ्या. आधी पॅलेटवर ढीग तयार करा. तांब्याचा उजेडातला पिवळा, सावलीतला पिवळा, कांद्याची उजेडाकडची बाजू, सावलीकडची बाजू, कापडाचा उजेड आणि कापडाची सावली. हे सहा ढीग डोळ्यांसमोर असले की अर्धे चित्र पॅलेटवरच झालेले असते. कापडाची सावली राखाडी समजून बसू नका. तिच्यात निळेपणा असेल, आणि तांब्याच्या अगदी जवळ पितळेचा पिवळा उजेड कापडावर सांडलेला असेल. तांब्याच्या सावलीतल्या पोटावर कापडाचा पांढरा उजेड परत चढलेला दिसेल. पितळेची चमक तिथल्या एकुलत्या एका तेजस्वी ठिपक्यात नसते. ती त्या ठिपक्याला लागून आलेल्या गडद तपकिरी पट्ट्यात असते. म्हणून पांढरा ठिपका सर्वांत शेवटी, आणि एकदाच.

नळीतून रंग काढताना हात आखडू नका. चिमूटभर रंग घेऊन तो टर्पेंटाइनने ताणत राहिले की चित्र जलरंगाची केविलवाणी नक्कल होते. या थरात नळीतला रंग जवळपास तसाच वापरा. गडद भाग पातळ असू द्या आणि उजेडाचे भाग भरघोस. रेम्ब्रांटच्या चित्रांत सावल्या पातळ आणि पारदर्शक असतात. कपाळावरचा किंवा बाहीवरचा उजेड मात्र इतका जाड असतो की खोलीतला उजेड त्याच्या उंचवट्यावर पुन्हा पडतो.

ओल्या रंगाचा सर्वांत मोठा फायदा कडांना होतो. कांद्याची सावलीकडची कड मागच्या अंधारात विरघळू द्यायची असेल तर कोरडा स्वच्छ ब्रश त्या कडेवरून एकदा हलका ओढा. उजेडाकडची कड तशीच टोकदार ठेवा. सगळ्या कडा सारख्या धारदार ठेवल्या की वस्तू कापून चिकटवल्यासारख्या दिसतात.

तिसऱ्या थरात हवे तर थोडे तेल आणा. एक भाग जवसाचे तेल, दोन भाग टर्पेंटाइन, इतके माध्यम पुरते. त्यात पारदर्शक लाल किंवा तपकिरी विरघळवून तांब्याच्या सावलीवर काचेसारखा पातळ थर द्या. खालचा रंग त्यातून दिसत राहतो आणि सावली खोल जाते. याला ग्लेझ म्हणतात. जवसाचे तेल चित्रकलेच्या दुकानातले, शुद्ध केलेले घ्या. हार्डवेअरच्या दुकानातले डबल बॉइल्ड तेल लाकडासाठी असते, चित्रात ते गडद आणि पिवळे पडते.

आता पातळ थर खाली आणि तेलकट थर वर का, ते सांगता येईल. तेल प्राणवायू घेताना आधी फुगते आणि पुढे वर्षानुवर्षे किंचित आकसते. ज्या थरात तेल जास्त, तो जास्त काळ हलत राहतो आणि लवचीकही राहतो. असा थर खाली असेल आणि वर कमी तेलाचा, लवकर कडक होणारा थर असेल, तर खालची हालचाल वरच्या कवचाला झेपत नाही आणि ते तडकते. पातळ थर खाली असेल तर तो आधी स्थिरावतो आणि वरचा लवचीक थर त्याच्याशी जुळवून घेतो. नियम एवढाच. पण तेल वाढवायचे म्हणजे ओतायचे नव्हे. जास्त तेलाचा थर सुरकुततो, तुमची मेहनत पिवळसर पडद्याआड जाते.

चित्र एकाच बैठकीत, ओल्यावर ओला रंग देऊन पुरे करणार असाल तर थरांची ही चिंता उरत नाही. व्हॅन गॉग बऱ्याचदा असेच रंगवत असे.

ज्ञान राखून ठेवण्याचे दिवस

हे सगळे आज दुकानातल्या पुस्तकात मिळते. भारतात एक काळ असा होता की तेलरंग पाहायला मिळत, ते लावायचे कसे हे कोणी सांगत नसे. १७९० च्या दशकात स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला आणि त्याने सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांचे तैलचित्र रंगवले. पण ही विद्या दरबाराबाहेर फारशी झिरपली नाही. त्रावणकोरच्या राजवाड्यात तरुण रविवर्म्याला तेलरंग शिकायचे होते. दरबारातले जाणकार चित्रकार रामस्वामी नायकर यांनी शिकवायला नकार दिला, आणि पुढे आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने काम पाहायची तेवढी मुभा दिली, असे रविवर्म्याचे चरित्रकार सांगतात. बाकीचे त्याने स्वतः करून, चुकून, खरवडून मिळवले. शालूचा पोत आणि जरीची चमक त्याने तेलात अशी बसवली की बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्याच्याकडून पौराणिक विषयांवर चौदा चित्रे करून घेतली.

मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि ही विद्या वर्गात आली. पेस्तनजी बोमनजी, महादेव विश्वनाथ धुरंधर, गोव्याचे आंतोनियो शाविएर त्रिंदाद हे चित्रकार त्या शाळेतून घडले. पुस्तकातल्या छपाईत रंगाचा थर दिसत नाही, म्हणून मूळ चित्रे पाहिलीच पाहिजेत. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे आहेत. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या दालनात त्रिंदादांचा संग्रह आहे. चित्राच्या समोर उभे राहून झाले की बाजूला जा आणि तिरक्या उजेडात पृष्ठभाग बघा. कुठे रंग जाड आहे, कुठे अस्तर डोकावते, ब्रश कोणत्या दिशेने गेला, हे सगळे तिथे वाचता येते.

काम संपल्यावर

ही गोष्ट मी सर्वांत कळकळीने सांगतो. तेल प्राणवायू घेते तेव्हा उष्णता बाहेर पडते. कॅनव्हासवर ती हवेत विरते. पण जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून डब्यात टाकला तर उष्णता आतच साठते, तापमान चढत जाते आणि काडी न लावता आग लागू शकते. उन्हाळ्यात, बंद खोलीत, हा धोका खरा आहे. चिंध्या उलगडून मोकळ्या हवेत पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

पॅलेटवर उरलेला रंग उद्या वापरायचा असेल तर तो उथळ ताटलीत पाण्याखाली बुडवून ठेवा. हवा तोडली की तेलाचे घट्ट होणे मंदावते.

ब्रश आधी चिंधीने कोरडे पुसा, मग टर्पेंटाइनमध्ये, मग साबण आणि कोमट पाण्याने, फेस पांढरा येईपर्यंत. टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बरणीत ठेवा, गाळ खाली बसतो आणि वरचे स्वच्छ टर्पेंटाइन पुन्हा वापरता येते. ते चीडच्या राळेपासून काढतात, नैसर्गिक आहे, म्हणून निरुपद्रवी आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे. त्याच्या वाफेने डोके दुखते, घसा धरतो. खिडक्या उघड्या ठेवा. कॅडमियमचे रंग लावलेले हात जेवणाआधी नीट धुवा, आणि ब्रश तोंडात धरायची सवय असेल तर आजच मोडा.

काही दिवसांनी चित्राचे गडद भाग निस्तेज, पांढुरके दिसू लागतील. रंग बिघडलेला नसतो, तिथले तेल खालच्या थराने ओढून घेतलेले असते. त्या भागावर तेल आणि टर्पेंटाइनचे अगदी थोडे मिश्रण बोटाने चोळा आणि जास्तीचे पुसून घ्या. खोली परत येते. शेवटच्या बैठकीनंतर मात्र हे करत बसू नका. ते काम वॉर्निश करील.

वॉर्निश सहा महिन्यांनी, जाड थरांचे चित्र असेल तर वर्षाने. तोवर आतला रंग हवा घेतच असतो. घाई केली तर वॉर्निश ओल्या रंगात मिसळते. वॉर्निश हा धूळ आणि धूर झेलण्यासाठी दिलेला वेगळा थर आहे. मळला की तो उतरवून नवा द्यायचा असतो, आणि रंगाशी एकजीव झालेला थर उतरवताना चित्रही निघून येते.

या काळात चित्र भिंतीकडे तोंड करून किंवा कापडात गुंडाळून ठेवू नका. जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते. उजेडात आणले की त्यातला बराचसा पिवळेपणा जातो. रूबेन्सला हे पक्के माहीत होते. पेटीत बंद होऊन गेलेले आपले चित्र पिवळे पडले असेल तर ते उन्हात ठेवा, असे त्याने पत्रातून कळवले होते. आपल्याकडच्या उन्हाचा कडाका पाहता उजेडाच्या खोलीत टांगणे बरे.

शेवटी चित्राच्या मागे, लाकडी चौकटीवर, पेन्सिलीने तारीख लिहा. कोणत्या कंपनीचे कोणते रंग, माध्यमात काय मिसळले, अस्तर कसले, तेही लिहा. वॉर्निश दिल्यावर त्याचे नाव आणि दिवस यांची भर घाला. दमार राळेचे वॉर्निश आणि आजची कृत्रिम वॉर्निशे उतरवायला वेगवेगळी द्रावणे लागतात, आणि पन्नास वर्षांनी ते चित्र स्वच्छ करायला घेणाऱ्या माणसाला ही माहिती तिथेच हाती लागेल.